जुन्या मैदानावरचा शंकरपट: परंपरा राखून सुरक्षितता कशी आणावी

मराठवाड्यात ज्या गावांच्या यात्रेत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो, तिथले मैदान बहुधा ठरलेले असते. ते देवळामागचे गायरान असते किंवा एखाद्या मानकऱ्याचे पीक निघालेले वावर असते, आणि आजोबांनी जिथे जोडी पळवली तिथेच नातवानेही पळवावी असा गावाचा आग्रह असतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत मैदान जागेवरच राहिले, पण त्याच्या कडेला विहिरी खोदल्या गेल्या, विजेचे डीपी उभे राहिले, बांधांवर काटेरी तारा आल्या आणि जोडी कशी सोडावी, कुठे आवरावी हे जाणणारी माणसे थकली. त्यामुळे जुन्या मैदानावर पुन्हा पट भरवताना ‘पूर्वी कधी काही झाले नाही’ या वाक्यावर विसंबून चालत नाही.

मन्याड नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावी यात्रा कमिटीचे काम करताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मोटार शर्यतींच्या जुन्या सर्किटांचा, म्हणजे धावमार्गांचा, इतिहास वाचण्याचा. हे ऐकून कमिटीतले लोक हसले होते, आणि हसण्यासारखे ते आहेच. पण जुनी जागा, वाढलेला वेग आणि दोरीला येऊन भिडलेली गर्दी हा पेच त्या लोकांनी आपल्या आधी सोडवला आहे आणि त्याची किंमतही फार मोठी मोजली आहे.

पहिले काम मैदानावर करायचे नसून पारावर बसून करायचे आहे. गावातल्या जुन्या धुरकऱ्यांना, म्हणजे जोडी हाकणाऱ्यांना, आणि मानकऱ्यांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा: कोणती गोष्ट झाली नाही तर यंदा पट झालाच नाही असे तुम्ही म्हणाल? आमच्याकडे उत्तरे तीनच आली. मानाची जोडी आधी सुटली पाहिजे, बैलांची मिरवणूक देवळावरून आली पाहिजे आणि जिंकणाऱ्याला फेटा देवळाच्या पायरीवर बांधला पाहिजे. लोकांनी चाकाला हात लागेल इतक्या जवळ उभे राहिले पाहिजे, असे एकाही म्हाताऱ्याने सांगितले नाही. धोका बहुतेक वेळा परंपरेत नसतो, तो तिच्या आडोशाने शिरलेल्या सवयींत असतो. बेल्जियममधले स्पा सर्किट सार्वजनिक रस्त्यांवरून जाणारे सुमारे १४ किलोमीटरचे होते, आणि १९७० नंतर फॉर्म्युला वनच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. १९७९ मध्ये ते सुमारे ७ किलोमीटरवर आणताना ओ रूज आणि ला सूर्स ही ओळखीची वळणे मात्र जागेवर ठेवली. १९८३ मध्ये शर्यत परत आली आणि आजही लोक त्याला स्पाच म्हणतात. निम्मी लांबी गेली, पण नाव गेले नाही. आपल्याकडे तर नियमानेच धावेचे अंतर १००० मीटरच्या आत ठेवायचे आहे, तेव्हा लांबीचा हट्ट आधी सोडावा.

यानंतर मैदान पायी तुडवावे, तेही यात्रेच्या किमान महिनाभर आधी. सुटीच्या जागेपासून, म्हणजे जोडी जिथून सोडतात तिथून, शेवटाच्या रेषेपर्यंत एकदा जावे, आणि मग रेषेपासून पुढे तेवढ्याच लक्षपूर्वक चालावे, कारण बैल काही रेषेवर थांबत नाहीत. आमच्या मैदानात शेवटाच्या रेषेपलीकडे साठेक पावलांवर बिनकठड्याची विहीर निघाली. बंदीच्या काळात खोदलेली, कडेला घाणेरीची झुडपे माजलेली, म्हणून सुटीच्या टोकावरून ती दिसतही नव्हती. कठडा बांधू, जाळी टाकू, दहा माणसे उभी करू, असे बरेच बोलणे झाले. मला मात्र इटलीतले इमोला सर्किट आठवले. तिथे १ मे १९९४ रोजी शर्यतपटू आयर्टन सेना टॅम्बुरेलो वळणाच्या भिंतीवर आदळून मरण पावला. ती भिंत मागे सरकवायला जागा नव्हती, कारण तिच्यामागे सांतेर्नो नदी आहे. शेवटी १९९५ मध्ये वळणच मोडून गाड्यांचा वेग तिथे कमी केला. विहीरही हलत नाही. आम्ही सुटीची जागा आणि शेवटाची रेषा दोन्ही देवळाच्या बाजूला मागे घेतली आणि विहिरीच्या अलीकडे पुरेसे मोकळे रान ठेवले. ज्यांच्या वावरात सुटीची जागा गेली ते दोन वर्षे नाराज होते. पुढे मिरवणूक त्यांच्या दारावरून न्यायचे ठरले, तेव्हा त्यांची समजूत पटली.

रेषेपुढचे हे मोकळे रान कसे असावे, याबद्दल मोटारवाल्यांचे अनुकरण जपून करावे. त्यांच्याकडे वळणाबाहेर खडीचा थर टाकतात आणि गाडी त्यात रुतून थांबते. बैलाचा पाय खडीत किंवा नांगरटीच्या ढेकळांत रुतला तर मोडतो. म्हणून तिथली जमीन वखरून, ढेकळे फोडून भुसभुशीत करावी आणि शक्य असल्यास किंचित चढावर घ्यावी. धावेच्या पट्टीची गोष्ट निराळी. आपल्या काळ्या जमिनीला फाल्गुन-चैत्रात अशा भेगा पडतात की त्यात सबंध खूर जातो. पट्टीवरची प्रत्येक भेग त्याच रानातल्या चाळलेल्या मातीने भरून, पाणी शिंपून, वरून फळी फिरवावी. हे पाणी दोन दिवस आधी मारावे, कारण शर्यतीच्या सकाळी मारले तर वरचा पापुद्रा निसरडा होतो आणि बैल सुटतानाच घसरतो.

गर्दीचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. इटलीतली मिले मिलिया ही सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत गावागावांतून जायची आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहायचे. १२ मे १९५७ रोजी गुइदिझोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. चालक आणि त्याचा साथीदार तर गेलेच, शिवाय ९ प्रेक्षक गेले आणि त्यांत ५ मुले होती. ती शर्यत तिथेच संपली. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघते, पण तिच्यात वेगाला मान नाही, ठरलेली वेळ अचूक पाळण्याला आहे. आपल्याकडेही दोन जोड्या शेजारी सोडण्याऐवजी एकेक जोडी घड्याळावर सोडली, तर बैल एकमेकांच्या अंगावर जाण्याचा धोका टळतो आणि ईर्ष्या तितकीच टिकते. माझे स्पष्ट मत असे आहे की अरुंद मैदानावर हाच एक मार्ग आहे.

प्रेक्षकांसाठी पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या बांधाव्यात, त्यांच्या मधली जागा पूर्ण रिकामी ठेवावी आणि शेवटाच्या टोकाला समोरासमोर कोणालाही बसू देऊ नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून त्यांचा अडसर करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बैल बिचकून वळला तर ट्रॉलीचा लोखंडी कोपरा त्याच्या छातीत बसतो, म्हणून ट्रॉल्या दुसऱ्या दोरीच्याही मागे हलवाव्यात. कडब्याच्या पेंढ्यांची भिंत मऊ म्हणून चांगली वाटते, पण मोनॅको येथे १९६७ मध्ये लोरेन्झो बांदिनी या चालकाची गाडी बंदरावरच्या वळणात उलटली, कडेला रचलेल्या गवताच्या पेंढ्यांनी पेट घेतला आणि तीन दिवसांनी तो दगावला. आपल्या बैलगाडीत पेट्रोल नाही हे खरे, पण चैत्रातल्या वाळलेल्या कडब्याला एका विडीचे थोटूक पुरते. त्याऐवजी मातीने भरलेली पोती रचावीत.

माणसे नेमताना दोन कामे कोणालाही वाटून देऊ नयेत, ती नावानिशी ठरवावीत. पहिले काम लाल झेंड्याचे. २९ जुलै १९७३ रोजी झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली, तेव्हा शर्यतीतलाच दुसरा चालक डेव्हिड पर्ली स्वतःची गाडी थांबवून धावला आणि एकट्याने ती सरळ करू पाहत राहिला. कडेच्या कामगारांकडे आगीत शिरण्याचे कपडे नव्हते आणि शर्यत थांबवलीच गेली नाही. म्हणून झेंडा ज्याच्या हाती आहे, त्याला सरपंचालाही न विचारता पट थांबवण्याचा अधिकार असावा आणि त्याच्या घरची जोडी त्या दिवशी धावत नसावी. दुसरे काम विळ्याचे. १९६६ मध्ये स्पा येथे चालक जॅकी स्टुअर्ट पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकला होता, आणि त्याला सोडवण्यासाठी लागलेला पाना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. ते वाचल्यावर मला आमच्या मैदानातला एक प्रसंग आठवला. लाल कंधारी जातीचा एक बैल पडला, जूपणी, म्हणजे जू मानेला बांधणारा दोर, गळ्याला आवळली आणि दोर कापायला शंभर माणसांत एकाजवळही विळा नव्हता. तो वस्तीवरून आणेपर्यंत बैलाची जीभ बाहेर आली होती. बैल वाचला. तेव्हापासून धार लावलेले दोन विळे, एक सुटीला आणि एक शेवटाला, ठरलेल्या माणसाच्या कमरेला असतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, पशुवैद्यकाकडून प्रत्येक बैल तपासून घ्यावा आणि चाबूक, काठी, तुतारी (बैलाला टोचायची अणकुचीदार काठी) किंवा विजेचा झटका यांपैकी काहीही मैदानात येऊ देऊ नये. तुतारीवाचून बैल पळत नाही असे म्हणणाऱ्या धुरकऱ्याची जोडी उतरवावी, कारण चांगल्या जोडीला कासऱ्याची ओढ आणि ओळखीची हाळी पुरते. धावताना धुरकऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असावे आणि फेटा देवळाच्या पायरीवर बांधावा, म्हणजे मानही राहतो. हलगी सुटीपाशी वाजवू नये, ती शेवटाला वाजवावी. सुटीवर उभ्या बैलाच्या कानाशी कडाका झाला की तो तिरका उडतो, आणि त्या दिवशीचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. गुलालही पट आटोपून बैल सावलीला बांधल्यावरच उधळावा.