डिस्क सँडरवर लाकूड करपत होतं, ते असं थांबलं

डिस्क सँडर म्हणजे सँडपेपर लावलेली फिरती चकती. तिच्यावर घासताना लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर काळे डाग पडत होते. कारण १५० ग्रिटचा कागद (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके दाणे बारीक). बारीक दाण्यांत भुसा लगेच अडकतो, मग कागद कापण्याऐवजी नुसता घासतो आणि तापतो. ८० ग्रिट लावला, डाग बंद. जास्त लाकूड काढायचं असेल तर ६०. १२० फक्त शेवटच्या हलक्या हातासाठी, तोही नवा हवा. बोथट ८०सुद्धा जाळतो.

लाकूड डिस्कच्या खाली जाणाऱ्या बाजूलाच धरा, म्हणजे ते टेबलावर दाबलेलं राहतं. कडेला वेग सर्वांत जास्त, म्हणून एका जागी थांबू नका, सरकवत राहा. राळ असलेल्या पाइनने कागद भरला तर फेकू नका, चालू डिस्कवर क्रेप रबराची कांडी टेकवली की मोकळा होतो. ८०चे गोलसर ओरखडे मात्र हातानेच, आधी १००, मग १२०ने काढावेत.