सकाळचा आकडा: मोटारसायकलच्या टायरमधील हवेवर लक्ष कसे ठेवावे

टायरमध्ये हवा भरणे आणि त्या हवेवर लक्ष ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्यातले बहुतेक मोटारसायकलस्वार त्यांपैकी पहिलेच करतात. गाडी जड वाटू लागली किंवा लांब जायचे ठरले की पंक्चरच्या दुकानासमोर थांबून हवा भरून घेतली जाते, पण भरण्यापूर्वी ती किती होती, मागच्या वेळेपेक्षा किती उतरली आणि दोन्ही चाकांत सारखीच उतरली का, हे कोणी विचारत नाही. वास्तविक टायरची तब्येत कळते ती याच प्रश्नांच्या उत्तरांतून. दुचाकीच्या प्रत्येक चाकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, ब्रेक लागणे आणि वळणावर गाडी धरून राहणे हे सारे त्या तेवढ्या जागेवर चालते, आणि त्या जागेचा आकार आतल्या हवेच्या दाबावर ठरतो. म्हणून हे काम आठवड्यातून एकदा, स्वतःच्या हाताने करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वप्रथम आपल्या गाडीचा योग्य आकडा शोधावा. तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो आणि बहुतेक गाड्यांवर चेन कव्हर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, चिकटवलेल्या स्टिकरवरही छापलेला असतो. आपल्याकडील अनेक १०० ते १५० सीसी गाड्यांना एकट्या चालकासाठी पुढे २५ आणि मागे २८ किंवा २९ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे माप) सांगितलेले असते, मात्र मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा गाडीनुसार बराच बदलतो. काही गाड्यांना तो ३२ असतो, तर काहींना थेट ४० च्या आसपास. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडाही आपल्या कामाचा नाही, कारण तो त्या टायरला सोसवणाऱ्या कमाल दाबाचा असतो आणि टायर बनवणाऱ्याला तो कोणत्या गाडीवर चढणार आहे हे ठाऊक नसते. स्टिकरवर आकडा किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असेल तर त्याला १४.२ ने, बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणले की पीएसआय मिळतात.

दुसरी गरज स्वतःच्या गेजची, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाची. पेट्रोल पंपावरचे हवेचे यंत्र दिवसभर शेकडो हातांतून जाते, त्याचा पाइप ओढला जातो, तोंड जमिनीवर आपटते. त्याच्या आकड्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. एका पंपावर यंत्राने ३० दाखवले असताना माझ्या गेजवर ३५ आले होते, आणि दुसऱ्या दोन गेजनी माझ्याच गेजची बाजू घेतली. पेनासारखा, घड्याळासारख्या तबकडीचा किंवा डिजिटल, कोणताही गेज चालेल. तो अगदी तंतोतंत असलाच पाहिजे असेही नाही. तो दर वेळी एकसारखे मोजतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे. एकाच चाकावर लागोपाठ तीनदा लावून पाहावा आणि तिन्ही आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत आले तर तो विश्वासाचा समजावा. फक्त पुढच्या चाकाशी ब्रेकच्या डिस्कमुळे आणि मागच्या चाकाशी चेनच्या दातेरी चक्रामुळे (स्प्रॉकेट) जागा अडचणीची असते, म्हणून विकत घेताना आखूड रबरी नळी असलेला किंवा वाकड्या तोंडाचा गेज घेतल्यास रोजचा त्रास वाचतो.

आता मोजण्याची वेळ. स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरचा असतो, आणि थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, उन्हात नाही, आणि मोजण्यापूर्वी एखाद्या किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. हे सांभाळायला सकाळी घरातून निघण्यापूर्वीची वेळ सर्वांत सोयीची. हवा बंदिस्त जागेत तापली की तिचा दाब वाढतो. मोटारसायकलच्या टायरमधील नेहमीच्या दाबाला तापमानात दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय इतका फरक पडतो. अर्धा तास चालवल्यावर टायर गरम होऊन तीन-चार पीएसआय वाढणे अगदी स्वाभाविक आहे, आणि गाडी बनवणाऱ्याने आकडा ठरवताना ही वाढ आधीच धरलेली असते. म्हणूनच प्रवासात गरम टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा कधीही सोडू नये; टायर थंड झाल्यावर ती तेवढीच कमी पडेल. उलट साध्याशा प्रवासानंतर सहा-सात पीएसआय वाढलेले दिसले तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतो आहे असे समजावे, आणि याचे नेहमीचे कारण हवा मुळात कमी असणे किंवा ओझे जास्त असणे हेच असते. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि टायरला खड्ड्यांइतकाच धोका या उष्णतेचा असतो.

प्रत्यक्ष मोजताना गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, चाक फिरवून हवा भरण्याचा व्हॉल्व्ह हाताला सोयीच्या ठिकाणी आणावा, टोपण काढावे, व्हॉल्व्हच्या तोंडावरची माती पुसावी आणि मगच गेज सरळ व घट्ट दाबावा. फुस्स असा आवाज आला आणि तो चालूच राहिला तर गेज तिरका बसला आहे. आकडा खरा नाही, पुन्हा लावावा. टोपण परत बसवण्याचा कंटाळा करू नये. आपल्या धुळीत आणि पावसाळी चिखलात तेच व्हॉल्व्हच्या आत हवा अडवणाऱ्या पिनेचे रक्षण करते, आणि पिनेतून हवा झिरपू लागली तर आत रबरी वायसर असलेले टोपण काही काळ ती थोपवूनही धरते.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे वही. तारीख, पुढचा आकडा, मागचा आकडा, हवा भरली असल्यास किती, एवढ्या चार गोष्टी दर रविवारी सकाळी लिहिल्या की दीड-दोन महिन्यांत ती वही बोलू लागते. मी नाशिकला राहतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत माझ्या गाडीची दोन्ही चाके हळूहळू जवळजवळ दोन पीएसआयने उतरतात, आणि निफाडकडच्या गारठ्याच्या दिवसांत तर अर्धा-एक आणखी. दोन्ही चाके सारखीच उतरली तर कारण बहुधा हवामानाचे किंवा रबरातून हवा नैसर्गिकपणे झिरपण्याचे असते. महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपणे नेहमीचेच, आणि ट्यूबच्या चाकात ते थोडे जास्तही असते. मात्र एकच चाक उतरत असेल तर तिथे गळती आहे, मग ती कितीही सावकाश असो. एका उन्हाळ्यात माझ्या मागच्या चाकाचे लागोपाठचे आकडे २९, २८, २६.५ आणि २५ असे होते, तर पुढचे चाक २५ वरून जेमतेम २४.५ वर आले होते. हाताने दाबून किंवा लाथ मारून पाहिल्यावर दोन्ही चाके सारखीच कडक लागत होती. वही नसती तर मी दर पंधरवड्याला हवा भरत राहिलो असतो आणि कधीतरी घाटात ती गळती वाढली असती.

गळती शोधण्याची पद्धत जुनीच आहे आणि तिला पर्याय नाही. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडा फुगला तर पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. माझ्या त्या चाकाचे दुखणे हेच निघाले आणि काही रुपयांच्या नव्या पिनेने ते मिटले. तिथे काही न दिसल्यास व्हॉल्व्हचे बूड, मग टायरचा पृष्ठभाग, आणि ट्यूबलेस असेल तर रिमला टायर टेकतो ती संपूर्ण कड साबणाच्या पाण्याने भिजवून चाक सावकाश फिरवावे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतलेला दिसला तर जागच्या जागी उपटू नये, कारण अनेकदा तोच भोक बंद करून बसलेला असतो. ट्यूबच्या चाकात आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी: व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ बाहेर आला आहे की तिरका झाला आहे. हवा कमी असताना ब्रेक दाबला की टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते, आणि तशी फाटलेली ट्यूब रस्त्यात जोडता येत नाही.

हवा घरी भरायची सोय नसेल तर पंपापर्यंत जाताना टायर गरम होणारच. अशा वेळी फरकाचा हिशेब करावा. समजा, सकाळी घरी मागच्या चाकात २६ निघाले आणि हवे आहेत २९, म्हणजे तीन कमी आहेत. पंपावर पोहोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजावे. गरम टायरमध्ये २८ दिसले तर २८ अधिक तीन, म्हणजे ३१ पर्यंत भरावे, २९ वर थांबू नये. भरणाऱ्या मुलाला आपला आकडा आपण सांगावा, कारण विचारले नाही तर कित्येकदा दोन्ही चाकांत सरसकट ३५ भरले जातात. अशा जादा हवेने गाडी ढकलायला हलकी वाटते, पण टायर मधोमध झिजतो, खड्ड्यावर चाक उसळते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून जास्तीची हवा सोडली की काम पूर्ण. बॅटरीवर चालणारा, हवा भरणारा छोटा इन्फ्लेटर घेतल्यास हा सारा हिशेब टळतो. लांबच्या प्रवासाला तो सोबत असावाच.

मागे माणूस आणि सामान घेऊन जायचे असेल तर हवा आदल्या दिवशीच वाढवावी. निघण्याच्या गडबडीत ते राहून जाते आणि कसारा किंवा आंबोली घाट उतरताना मागचे चाक वळणावर डुलू लागते तेव्हा आठवते. पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच मानू नये. रस्त्यावरचे पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर फेकायला टायर पुरेसा ताठ असावा लागतो; हवा कमी असलेला टायर कमी वेगातही पाण्यावर तरंगू शकतो. उंचीचा परिणाम मात्र खरा आहे. मुंबईहून महाबळेश्वरला गेल्यास बाहेरचा दाब सुमारे दोन पीएसआयने कमी होतो आणि गेजवर तेवढेच वाढलेले दिसते, पण तिथल्या थंडाव्याने त्यातले काही परत उतरतात, त्यामुळे काही करण्याची गरज नसते. लडाखला जाणाऱ्यांनी लेहमध्ये एक दिवस थांबून थंड टायर पुन्हा मोजावा आणि जास्तीची हवा सोडून तिथे जुळवून घ्यावा. परतीच्या वाटेवर खाली उतरल्यावर तेवढी हवा पुन्हा भरावी लागेल हे वहीत आधीच लिहून ठेवावे.

सतत लक्ष ठेवणारे सेन्सर, म्हणजे टीपीएमएस, आता मोटारसायकलसाठीही सहज मिळतात. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारा बाहेरचा सेन्सर ट्यूबच्या चाकालाही चालतो आणि आकडा हँडलवरच्या छोट्या पडद्यावर किंवा फोनवर दाखवतो. रिमच्या आत बसणारा सेन्सर अधिक सुरक्षित असतो, पण तो ट्यूबलेससाठी असतो आणि बसवायला टायर उघडावा लागतो. पुढे पंक्चर काढताना दुकानदाराला त्याची आधी कल्पना द्यावी, नाहीतर टायर उतरवायच्या लिव्हरने तो तुटतो. बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून धरतो, म्हणजे हवा अडवण्याचे काम आता त्या सेन्सरच्या वायसरवर आलेले असते. बसवल्यावर तिथे साबणाचे पाणी लावून पाहणे आवश्यक आहे. मग चाक हाताने पूर्ण फिरवून सेन्सर ब्रेकच्या कॅलिपरला किंवा स्विंगआर्मला घासत नाही याची खात्री करावी. ट्यूबलेस चाकाचा व्हॉल्व्ह मऊ रबराचा असेल तर सेन्सरच्या वजनाने तो वेगात बाहेर वाकतो, म्हणून तिथे धातूचा व्हॉल्व्ह बसवून घेणे चांगले. इशाऱ्याची मर्यादा थंड आकड्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी खाली ठेवावी. २९ साठी ती २४ च्या आसपास येते. यामुळेच सेन्सर असला तरी वही बंद करू नये, कारण २९ पासून २४ पर्यंतची घसरण तो गुपचूप होऊ देतो. सेन्सरचा आकडा महिन्यातून एकदा गेजशी ताडून पाहावा.

चालत्या गाडीत इशारा वाजला किंवा चाक अचानक सैल लागले तर ब्रेकवर तुटून पडू नये. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरावे, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ब्रेक लावावाच लागला तर ज्या चाकात हवा आहे त्या चाकाचा, तोही अलगद. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर बसलेल्या चाकावर गाडी चालवत नेण्याचा मोह टाळावा, कारण काहीशे मीटरमध्येच टायरची आतली बाजू रिमखाली चिरडून निकामी होते. पंक्चर काढून झाल्यावर त्या चाकाचा आकडा पुढचे तीन दिवस रोज सकाळी मोजावा आणि तो स्थिर राहिला तरच पुन्हा रविवारच्या नोंदीवर यावे.