पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप जुना होत जातो तेव्हा काय करायचं

मुंबईतल्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी २०१४ पासून आहे, त्यातली बरीच वर्षं ॲडमिन म्हणून. अकरा जणांनी सुरू केलेला ग्रुप आता साडेसातशेच्या वर गेलाय. या काळात तो निदान चार वेळा तरी आतून पूर्ण बदलला आणि प्रत्येक वेळी आम्हाला ते उशिरा कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमचा ग्रुप गड-किल्ल्यांचा असो, गच्चीवरच्या बागेचा असो की जुन्या नाण्यांचा, थोड्याफार फरकाने हेच घडतं.

सुरुवातीला नियमांची गरजच वाटत नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखत असतात, रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनला नाहीतर बोरिवलीला नॅशनल पार्कात भेटतात, कोण कुठून ट्रेन पकडणार आणि कोणाकडे जास्तीची दुर्बीण आहे हे सगळ्यांना पाठ असतं. घरट्याजवळ जायचं नाही, फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही, हे कोणी सांगत नाही, शिवडीच्या चिखलापाशी शेजारी शेजारी उभं राहूनच ते शिकलं जातं. नियम लिहायची खरी वेळ हीच. दोनशे लोक झाल्यावर लिहायला घेतलेत की प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच टोमणा मारलाय, आमच्याकडे यावरून तीन दिवस भांडण चाललं होतं आणि दोन चांगली माणसं निघून गेली. चार ओळी पुरतात. घरट्याचे फोटो नकोत, आवाज वाजवणं नको, नेमकं ठिकाण नको, फॉरवर्ड नकोत.

ग्रुप हळूहळू वाढत नाही हो, उड्या मारत वाढतो. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने १०० ची मर्यादा २५६ वर नेली तेव्हा आम्ही बघता बघता भरलो. मग २०२० चं लॉकडाऊन आलं, नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी गर्दी असलेले फोटो फोनाफोनात फिरले आणि खिडकीत बसलेल्या मुंबईला अचानक पक्षी दिसायला लागले. २०२२ मध्ये मर्यादा १०२४ झाली, तेव्हा तर बाहेर वाट बघत थांबलेले पण आत आले. अशा उडीच्या वेळी एकदम दार उघडू नका. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नवीन माणसाला ॲडमिनच्या मंजुरीनेच घ्यायची सोय आहे ती चालू करा, आठवड्याला दहा-बारा जण घ्या, आणि प्रत्येकाला आत घेतल्यावर पहिल्या फेरीची तारीख सांगा. जो एकदा तरी सोबत चालला तो ग्रुपचा होतो, बाकीचे कितीही वर्षं राहिले तरी प्रेक्षकच राहतात, हा माझा अनुभव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "हा कोणता पक्षी?"

हा प्रश्न रोज येणार. फोटो हललेला, पक्षी पाठमोरा, मागे आकाश पांढरं. आमच्याकडे सर्वात जास्त वेळा आलेला फोटो कोकिळेच्या मादीचा आहे, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, लालबुंद डोळा, आणि विचारणारा म्हणतो शिकरा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, आहे का. कोकीळ म्हणजे काळाच असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो, पण काळा असतो तो नर. पहिल्या वर्षी आमच्यातले जुने लोक यावर मनापासून पाच ओळी लिहायचे. चौथ्या वर्षी एका शब्दात उत्तर, "कोकिळा". सहाव्या वर्षी उत्तरच नाही, नाहीतर "आधी ग्रुपमध्ये सर्च करा". ग्रुप म्हातारा होतो तो इथे, मेंबर किती आहेत याच्याशी त्याचा काही संबंध नाही. विचारणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच नीट वर बघितलेलं असतं आणि त्याच क्षणी त्याला गप्प केलं जातं, तो परत विचारत नाही, आणि पुढच्या पाच वर्षांत ज्याने उत्तरं दिली असती असा एक माणूस आपण तिथेच घालवतो.

यावर आम्हाला जे लागू पडलं ते असं, की उत्तर द्यायचं काम जुन्यांकडून काढून घेतलं आणि एक-दीड वर्ष झालेल्यांना दिलं. त्यांना स्वतःचा गोंधळ अजून ताजा आठवत असतो, त्यामुळे ते जास्त चांगलं समजावतात. दर आठवड्याला दोघांची पाळी लावायची, एक जण एक-दीड वर्ष झालेला आणि अडलं तर विचारायला मागे एक जुना. आणि उत्तरात नुसतं नाव टाकून मोकळं व्हायचं नाही, आधी तीन गोष्टी विचारायच्या, कुठे दिसला, चिमणीएवढा की कावळ्याएवढा, आणि काय करत होता. "झाडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक टुक करत होता, पण दिसतच नव्हता" असं उत्तर आलं की समोरचा स्वतःच तांबट ओळखतो, आणि स्वतः ओळखलेला पक्षी माणूस विसरत नाही.

त्यानंतर कॅमेरे येतात. यात वाईट काही नाही, मला चांगला फोटो मनापासून आवडतो, पण मोठ्या लेन्सचा फोटो पडला की त्याला सत्तर अंगठे आणि "खिडकीत नाचण आला होता, शेपटीचा पंखा करून एका जागी ठरतच नव्हता" या मेसेजला शून्य. लिहिणारे मग लिहिणं सोडतात. आम्ही एवढंच ठरवलं, की फोटो कधीही टाका पण सोबत तीन ओळी हव्यातच, साधारण कुठला भाग, वेळ काय, पक्षी काय करत होता. ओळी नसल्या तर ॲडमिन प्रेमाने विचारतो, फोटो काढून टाकत नाही. महिना-दीड महिना लागला, मग सवय झाली.

ठिकाणाबद्दल मात्र प्रेमाने वगैरे नाही, तिथे कडकच राहा. आमच्या घराजवळ रस्त्याकडेच्या एका गुलमोहराच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी होती, मार्च महिना, संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास त्यातला एक ढोलीच्या तोंडाशी येऊन बसायचा आणि डोकं खालीवर करत आमच्याकडे टक लावून बघायचा. मी आनंदाच्या भरात ग्रुपवर त्या जागेची लोकेशन पिन टाकली. ग्रुपमधलीच माणसं, आपलीच, असं वाटलं. ती पिन कुठे कुठे गेली माहीत नाही, पण रविवारी झाडाखाली वीसेक लोक होते, फ्लॅश चालू होते आणि एक जण पिंगळ्याने बाहेर बघावं म्हणून बुंध्यावर दगड आपटत होता. गुरुवारपर्यंत ढोली रिकामी झाली. आत अंडी होती की पिल्लं हे आम्हाला कधीच कळलं नाही. अजूनही त्या झाडाखालून जाताना मी वर बघते.

तेव्हापासून घरटं, ढोली आणि घुबडवर्गातला कुठलाही पक्षी यांचं ठिकाण उपनगरापेक्षा बारीक सांगायचं नाही. पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं. अजून एक बारीक गोष्ट आहे. फोटो साध्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सॲप त्यातली जीपीएसची माहिती काढून टाकतं, पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला तर ठिकाण त्यात तसंच राहतं. तोंडाने सांगितलं नाही तरी फाईल सांगते.

जुने लोक ग्रुप सोडत नाहीत, गप्प होतात, म्हणून ते जाताना दिसत नाहीत. वर्षातून दोनदा बसून बघा, पहिल्या पन्नासातल्या कोणी गेल्या सहा महिन्यांत काहीच लिहिलं नाही. त्यांना ग्रुपवर टॅग करू नका, फोन करा. एका काकांना मी फोन केला तर म्हणाले, अगं तिथे आता माझं काय काम, सगळे कॅमेऱ्याचंच बोलतात. त्यांना म्हटलं दर महिन्याला एक फेरी तुम्ही न्यायची, कॅमेरा न आणणाऱ्यांची, फक्त कान उघडे ठेवून चालायचं. आता त्या फेरीला वेटिंग असतं.

ग्रुप फुटेल त्याची भीती बाळगू नका. आमच्यातून फोटोवाले वेगळे झाले, मग नवी मुंबईवाले, आणि दोन्ही बरंच झालं. फक्त वर्षातून एक काम सगळ्यांनी मिळून करायचं ठेवा. आम्ही फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेला एकत्र येतो, चार दिवस असतात, निदान पंधरा मिनिटं एका जागी पक्षी मोजून यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायची, खिडकीतून केलं तरी चालतं त्यामुळे आजी-आजोबा पण येतात.

आणि नोंदी ग्रुपमध्ये ठेवूच नका. पूर्वी असे ग्रुप जिथे चालायचे ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, आणि तिथे लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं गेलं. चॅट तर बॅकअप नसताना फोन हरवला की संपलं. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, अशा जागांबद्दल उद्या कोणी विचारलं की इथे पूर्वी काय काय दिसायचं, तर तारखेसकट लिहिलेली यादीच कामाला येते. त्यामुळे फेरी संपली की चहा प्यायच्या आधी यादी ईबर्डवर, हा नियम. ईबर्डने संवेदनशील ठरवलेल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे जाहीर दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यापुरती ती पण काळजी नको.

शेवटी ॲडमिनपद. एकच ॲडमिन असेल आणि तो बाहेर पडला तर व्हॉट्सॲप आपलं आपणच कोणाला तरी ॲडमिन करून टाकतं, मग तो माणूस कोणीही असू शकतो, म्हणून कायम तीन ॲडमिन ठेवा आणि त्यातला एक तिशीच्या आतला. देताना नुसतं बटण देऊ नका, एक पान लिहून द्या, शिवडीला जायचं तर भरतीची वेळ आधी बघायची कारण पाण्याप्रमाणे पक्षी जवळ येतात नाहीतर लांब जातात, रविवारी हार्बर लाईनच्या लोकलला मेगाब्लॉक आहे का ते शनिवारी बघायचं, कोणत्या काकांना मेसेज चालत नाही फोनच करावा लागतो, कोणत्या दोघांना एका गटात घालायचं नाही. आणि दिल्यावर मध्ये मध्ये बोलू नका. गेल्या महिन्यात नव्या मुलांनी शिवडीची फेरी नेहमीच्या सकाळऐवजी दुपारी तीनला ठेवली, मी "सकाळीच बरं असतं" असं अर्धं टाईप केलं होतं, मग भरतीचं टेबल उघडून बघितलं, त्यांचं बरोबर होतं. टाईप केलेलं पुसलं आणि लिहिलं, मी येतेय, जास्तीची दुर्बीण आणते.