अडगळीतल्या कारखान्यात वर्कबेंच: पहिली करवत चालवण्याआधीची तयारी

वर्कबेंच, म्हणजे सुतारकामाचं भक्कम टेबल, करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी लाकडाची असते, आणि काम अडकतं ते तिथेच. साडेअठराशे मिमी लांबीच्या वीसेक पट्ट्या आडव्या ठेवायला जागा नसते. मग त्या भिंतीला उभ्या टेकवल्या जातात, पंधरा दिवसांत त्यांना बाक येतो आणि पुढचा महिना तो बाक रंध्याने काढण्यात जातो. म्हणून पहिलं काम फरशीचं.

खोलीतलं जे जे फरशीवर आहे ते सगळं एकदा बाहेर काढा. कोपऱ्यात सरकवलं तर ते मोजलं जात नाही. उरलेल्या तुकड्यांसाठी एक नियम लावा आणि त्याला अपवाद करू नका: ३०० मिमीपेक्षा आखूड तुकडा गेला. मोगरीच्या किंवा पटाशीच्या मुठीसाठी कठीण लाकडाचे आठ-दहा तुकडे एका डब्यात राहू द्या, पण डबा एकच. प्लायचे अर्धवट तुकडे भिंतीला समांतर उभे करा. रंगाचे वाळलेले डबे ठेवण्यात अर्थ नाही. मग भिंतीवर निदान दोन सलग फळ्या आणि हत्यारांचा एक बोर्ड बेंच सुरू करण्याआधी ठोकून घ्या. हा क्रम उलटा झाला तर बेंचचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कमरेच्या उंचीवर सपाट जागा दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवलं जातंच. ड्रिलचा डबा, मग स्क्रूच्या पुड्या, मग कुणीतरी आणून ठेवलेली मोडकी खुर्ची.

आता माप. १८०० बाय ६०० मिमीचा टॉप घरगुती कामाला पुरतो. तेवढ्याच मापाचा पुठ्ठा कापून फरशीवर टाका आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. काम करायच्या बाजूला ९०० मिमी मोकळी जागा हवी. मागची बाजू भिंतीला लागली तरी चालते, पण मग दोन्ही टोकांना ६०० मिमी तरी सोडा, नाहीतर लांब फळी कापताना करवतीचा हात भिंतीवर आपटतो. एवढी जागा निघत नसेल तर बेंच १५०० बाय ५५० करा. जागा मिळेल अशी आशा धरून मोठा करू नका. रुंदी ६०० च्या पुढे नेण्याचा मोहही टाळा. पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचत नसेल तर ती पट्टी गोदाम होते.

उंची स्वतःच्या शरीरावरून घ्या. कामाचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, तळवा जमिनीला समांतर वळवा. फरशीपासून तळव्यापर्यंतचं अंतर ही रंधा मारायची उंची. ती बहुधा ८४० ते ९०० मिमीच्या आसपास येते. हाताने रंधायचं काम कमी आणि राउटरचं (खाचा आणि कडा कापायच्या हातयंत्राचं) जास्त असेल तर ५० मिमी वाढवा. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याच्या करवतीच्या) मागे बेंच लावून कापलेली फळी त्यावर झेलायची असेल तर टॉप सॉच्या टेबलापेक्षा ३ ते ५ मिमी खाली हवा. वर आला तर फळीचं टोक कडेला अडतं, आणि चालू पात्याजवळ फळी अडणं धोक्याचं. पुढची सगळी मापं ८६० मिमी उंचीची आहेत.

लाकूड कुठलंही सरळ रेषांचं (म्हणजे सरळ धाग्यांचं), फार गाठी नसलेलं आणि सुकलेलं. महाग जात लागत नाही. बेंचला वजन आणि स्थैर्य हवं, देखणेपण नाही. सगळ्यासाठी ९० बाय ४५ मिमीची एकच जाडी घेतली तर हिशेब सोपा होतो. रंधून ती ८० बाय ४० उरते. टॉपसाठी अशा १५ पट्ट्या १८५० मिमी लांबीच्या, उभ्या कडेवर लावून चिकटवायच्या: १५ गुणिले ४० म्हणजे ६००. चार पायांसाठी ४ पट्ट्या. एका पट्टीतून ८५० चे दोन तुकडे निघतात आणि दोन तुकडे जोडून ८० बाय ८० चा पाय होतो. आखूड आडपट्ट्या चार, ६०० मिमीच्या, त्यांना २ पट्ट्या. झाल्या २१. वर दोन जादा घ्या, कारण गठ्ठ्यात एकदोन पिळवटलेल्या निघतातच. शिवाय लांब आडपट्ट्यांसाठी १४० बाय ४५ चे १२५० मिमीचे दोन तुकडे. विकत घेताना प्रत्येक पट्टी डोळ्याजवळ धरून लांबीत बघा. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही. बाक क्लॅम्पने (आवळायच्या शिकंज्याने) ओढला जातो. पीळ ओढून बसवला तर क्लॅम्प काढल्यावर सगळा टॉप स्वतःबरोबर फिरवतो.

लाकूड आणलं की लगेच कापू नका. ज्या खोलीत बेंच राहणार तिथेच ते फरशीपासून उचलून आडवं रचा. दोन थरांमध्ये २० मिमी जाडीच्या काड्या, दर ४०० ते ४५० मिमीवर, आणि सगळ्या थरांतल्या काड्या बरोबर एकीवर एक. काडी सरकलेली असेल तर वरचं वजन अधांतरी पडतं आणि पट्टी तिथेच झोळते. टोकांना जुना रंग किंवा मेण लावा, तिथून ओलावा भराभर जातो आणि चिरा पडतात. ओलावा मोजायचं मीटर असेल तर ८ ते १२ टक्के बघा. आकड्यापेक्षा सगळ्या पट्ट्या एकमेकींच्या जवळपास असणं महत्त्वाचं. मीटर नसेल तर एकच पट्टी दर आठवड्याला वजनकाट्यावर टाका. वजन उतरायचं थांबलं की काम सुरू.

बेंच नसताना बेंच कशावर करायचा, हा प्रश्न शेवटच्या क्षणी आठवतो. दोन भक्कम घोड्या आणि त्यावर सपाट दार किंवा १८ मिमीचा प्लाय पुरतो, पण तो खरंच सपाट आहे का ते तपासा. साधारण अर्धा मीटर लांबीच्या, कडा अगदी सरळ असलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला आडवी ठेवा, खाली वाकून जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून दूरची बघा. दोन्ही कडा एकमेकींत मिटल्या पाहिजेत. एका बाजूला दूरची पट्टी जास्त दिसली तर तो कोपरा उंच आहे; त्याच टोकाच्या दुसऱ्या कोपऱ्याखाली पातळ पाचर सारून ती मिटेपर्यंत बघत राहा. इथला पीळ जसाच्या तसा टॉपमध्ये उतरतो, आणि गम वाळल्यावर तो काढायला रंध्याचे दोन दिवस जातात.

गम चिकटवणं हा या कामातला एकच टप्पा घड्याळावर चालतो, म्हणून त्याची तयारी सगळ्यात बारकाईने. पांढरा पीव्हीए गम पसरल्यापासून पाच-दहा मिनिटांत सांधा बंद झाला पाहिजे; उष्ण कोरड्या हवेत त्याहून कमी. पंधरा पट्ट्या एका दमात चिकटवायला जाऊ नका. पाच-पाचचे तीन गट करा, प्रत्येक २०० मिमी रुंद. याचा दुसरा फायदा असा की तीनशे-सव्वातीनशे मिमी रुंदीच्या छोट्या थिकनेस प्लेनरमधून (लाकूड एकसारख्या जाडीचं रंधणाऱ्या मशीनमधून) हे गट निघतात, आणि शेवटी हाताने सपाट करायला फक्त दोन सांधे उरतात. जमिनीवर जागा सोडताना हेही मोजा: १८५० ची पट्टी मशीनमधून काढायला मशीनच्या पुढे तेवढी आणि मागे तेवढी मोकळी लांबी लागते.

१४ सांधे, प्रत्येकी साधारण ०.१५ चौरस मीटर, म्हणजे दोन चौरस मीटरच्या थोडं वर. चौरस मीटरला २०० ग्रॅम धरले तर ४०० ग्रॅमपेक्षा किंचित जास्त गम जातो. पायांसकट एक किलोचा डबा आणा. जुना, दही झालेला डबा अडगळीत सापडला तरी वापरू नका. क्लॅम्प दर २०० मिमीला एक, म्हणजे नऊ-दहा, आलटून पालटून वर-खाली. सगळे एकाच बाजूने लावले तर टॉप त्या बाजूकडे वाटीसारखा वळतो. गटांना ३०० मिमी उघडणारे पुरतात, शेवटच्या दोन सांध्यांना ७५० चे हवेत. लोखंडी दांडा ओल्या गमाला टेकला की काही जातींच्या लाकडावर काळे डाग पडतात, म्हणून दांड्यावर कागदी टेप.

गम उघडण्याआधी एकदा सगळं कोरडं जुळवा, क्लॅम्पसकट. रेषा सगळ्या पट्ट्यांत एकाच दिशेने जाऊ द्या, नाहीतर रंधा एका पट्टीवर गुळगुळीत जातो आणि शेजारची ओरबाडतो. मोठ्या गाठी खाली. मग पेन्सिलने आरपार एक मोठा त्रिकोण काढा. गडबडीत क्रम चुकला तर त्रिकोण तुटलेला दिसतो. दाब किती हे गमच सांगतो: सांध्याच्या रेषेवर मण्यांसारखे थेंब सलग दिसले की बस. वाहून ओघळ आला तर गम जास्त झाला. काहीच आलं नाही तर सांधा उपाशी आहे, उघडा आणि पुन्हा लावा. बाहेर आलेला गम ओल्या फडक्याने पुसण्यापेक्षा तासाभराने रबरासारखा झाल्यावर पटाशीने खरवडावा. क्लॅम्प तासाभरात निघाले तरी रंधा दुसऱ्या दिवशीच. टॉपचं वजन पन्नास किलोच्या घरात जातं. उलटा करायला दुसरा माणूस आधीच सांगून ठेवा.

खालच्या चौकटीत दोन्ही बाजूंच्या शिड्या (दोन पाय आणि त्यांच्यामधल्या आखूड आडपट्ट्या) खाच-कूस करून, म्हणजे पायातल्या खाचेत आडपट्टीच्या टोकाची जीभ बसवून, चिकटवायच्या आणि लांब आडपट्ट्या बोल्टने कसायच्या. सगळं चिकटवलेला बेंच कदाचित दारातून बाहेरही निघणार नाही. पाय तयार ७८५ मिमी, आखूड आडपट्टी ५४० (दोन्हीकडे ५० ची कूस), लांब ११८० (दोन्हीकडे २० ची). खाचेची रुंदी हातातल्या पटाशीवरून ठरवा; ४० च्या आडपट्टीला १२ मिमी योग्य. एम १० चे १५० मिमी लांब बोल्ट ८, तेवढेच नट, १६ वॉशर. भोक ११ मिमीचं, पायातून आरपार ८० आणि आडपट्टीत आणखी ९०. नेहमीचं ११ चं पातं एवढं खोल जात नाही, लांब पातं आधी आणा. आणि खालची आखूड आडपट्टी लांब आडपट्टीच्या पूर्ण वर घ्या. एकाच उंचीवर घेतली तर बोल्टचं भोक नेमकं कुशीतून जातं आणि सांधा कापला जातो. लांब आडपट्टी १४० रुंद ठेवायचं कारण रंधा मारताना बेंच लांबीत झुलतो. अरुंद पट्टीचा सांधा कितीही कसला तरी ते थांबत नाही.

टॉप पायांना कसा धरायचा? पुढच्या बाजूला घट्ट स्क्रू, मागच्या बाजूला लांबट भोक. ६०० मिमी रुंदीचं लाकूड ओलाव्यात चार टक्के फरक पडला तरी पाचसहा मिमी फुगतं किंवा आकसतं. ती हालचाल मागे गेली की पुढची कड पायांशी सपाट राहते, आणि तीच कड लांब फळी उभी धरायला लागते.

व्हाइस (काम जबड्यात आवळून धरायचा शेगडा) टॉप उलटा असतानाच बसवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पुढची डावी बाजू सोयीची. जबड्यांना लाकडाची अस्तरं लागतात, त्यांची जाडी मापात आधीच धरा. खुंट्या रोवून काम अडवायची टॉपमधली भोकं १९ मिमीची, व्हाइसच्या रेषेत, दर १०० मिमीला. पायाच्या किंवा आडपट्टीच्या वर एकही येत नाही ना ते टॉपखाली जाऊन बघून मगच खूण करा. खालून टाकाऊ तुकडा दाबून धरला नाही तर पातं बाहेर पडताना ढलपी उडते.

वीज थोडक्यात: एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तार जोरात चालणाऱ्या मशीनवर तापते. कानाला मफ, नाकाला धुळीचा मास्क. दिवा बाजूने आणि खालून मारा. तिरप्या उजेडात रंध्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

शेवटी तेल. चकचकीत व्हार्निश नको, त्यावर काम घसरतं. जवसाचं तेल दोन हात, वरून जेवढं तेवढंच खालून, नाहीतर एकाच बाजूने ओलावा शिरून टॉप वळतो. तेलाची फडकी चुरगाळून भुश्याच्या पोत्यावर टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. बेंच जागेवर नेल्यावर पाणसळ दोन्ही दिशांना ठेवून पायाखाली पाचरी द्या, पुठ्ठा नको, तो दबतो. बोल्ट पंधरा दिवसांनी आणि पुन्हा दोन महिन्यांनी कसायचे आहेत. १७ चा पाना, काही बोल्टना १६ चा, आखूड आडपट्टीच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगून ठेवा.