चिवड्याचे पोहे: कढई, मायक्रोवेव्ह की ऊन?

पातळ पोहे कढईत भाजले की आक्रसतात आणि ढवळताना चुरा होतो. मायक्रोवेव्हमध्ये पांढरेशुभ्र राहतात, पण थोडे थोडे करून खेपा फार. आमच्या जळगावकडे ऊन फुकट आहे, तेच वापरा.

१. चाळलेले पोहे सुती कापडावर पसरून दुपारी 2-3 तास गच्चीवर ठेवा. वर पातळ ओढणी टाका, चिमण्या टपलेल्याच असतात. चुरगाळल्यावर कुडकुड वाजले की झाले.

२. तेलात मोहरी, शेंगदाणे, डाळ्या, मिरची, कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या. गॅस बंद करून हळद, मीठ, पिठीसाखर.

३. पोहे घालून मंद आचेवर 2-3 मिनिटं हलक्या हाताने परता.

मिरची-कढीपत्ता ओला राहिला तर चिवडा दुसऱ्याच दिवशी सादळतो. डब्यात भरायचा तोही पूर्ण गार झाल्यावरच.