व्हिसा नवऱ्याच्या हातात असेल, तर या चुका टाळा

न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली सुरू केली, त्या पहिल्याच वर्षातली एक चूक माझी स्वतःची. नवऱ्याच्या छळातून बाहेर पडू पाहणाऱ्या एका बाईचा अर्ज मी भरला. पत्त्याच्या रकान्यात तिने सांगितला तो पत्ता लिहिला, म्हणजे घरचाच. सुरक्षित पत्त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळी जागा असते, ती रिकामी ठेवली. पोच आली ती सरकारी लिफाफ्यात, आणि टपालपेटीची किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात. रात्री शेजारणीच्या फोनवरून तिने विचारलं, "ताई, पत्र तुमच्याकडे येणार होतं ना?" पुढचे दोन महिने ती निवाऱ्यात राहिली. कायद्याचा मुद्दा अचूक होता, पत्ता चुकला होता.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कायद्याचं काही बोलत नाही. टपाल कोण उघडतं, फोनचं बिल कोण भरतं, ईमेलचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, हे आधी विचारते.

"नवरा सही करणार नाही, मग काय उपयोग?"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यानेच होतं. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या व्हावा, म्हणजे बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली बायको स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. फॉर्म आय-३६०. त्याची सही लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. अशा अर्जाची माहिती बाहेर द्यायला अधिकाऱ्यांना १९९६ पासून कायद्याने बंदी आहे. माझ्या बाबतीत बातमी सरकारने फोडली नव्हती, मी फोडली होती. नाव बायकांच्या कायद्याचं असलं तरी छळ सोसणारा नवराही हा अर्ज करू शकतो.

दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असेल, तर ते पक्कं करायचा आय-७५१ एरवी दोघांनी मिळून, मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत भरायचा असतो. छळ होत असेल तर एकटीने भरता येतो, ९० दिवसांची वाट न पाहता आणि घटस्फोट झालेला नसतानाही.

एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने आलेल्या बायकांचं दुखणं वेगळं. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे ना नागरिक, ना ग्रीन कार्डवाला, त्यामुळे आय-३६० चं दार बंद. इथे आय-७६५व्ही नावाचा फॉर्म आहे. छळ सिद्ध झाला तर दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो, पण राहण्याचा दर्जा मिळत नाही. हा फरक न सांगता "तुझं काम झालं" म्हणणारे मी पाहिलेत. एच-४ चा दर्जा लग्नाला बांधलेला असतो, घटस्फोटाचा हुकूम झाला की तो संपतो. म्हणून पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून आलेल्या संमतीच्या कागदावर "एकदाचं सुटू दे" म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. घटस्फोट नको असं मी म्हणत नाही. कोणता अर्ज आधी जायला हवा ते ठरू द्या, एवढंच. आय-३६० असो की आय-७६५व्ही, घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, आणि आय-३६० मंजूर होण्याआधी दुसरं लग्न केलं तर तो अर्ज बाद होतो.

मारहाणीची पोलिसांत तक्रार केली असेल आणि तपासाला मदत केली असेल, तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या यू व्हिसाचाही विचार होतो. वर्षाला १०,००० च मुख्य अर्जदारांना मिळतो, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. तपासाला मदत केल्याचा पोलिसांच्या सहीचा कागद सही झाल्यापासून सहा महिन्यांत अर्जासोबत गेला नाही, तर पुन्हा सही आणावी लागते. तो कागद मिळवून कपाटात ठेवणारे लोक आहेत. ठेवू नका.

नोटरी म्हणजे वकील नव्हे

आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी बहुधा वकीलच असतो, त्यामुळे हा गोंधळ साहजिक. अमेरिकेत नोटरी फक्त सही तुमचीच आहे याची साक्ष देतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'इमिग्रेशन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी दिसली तर एकच प्रश्न विचारा: जी-२८ भरणार का? सरकारदरबारी तुमची बाजू मी मांडतोय, असं सांगणारा हा फॉर्म वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच भरू शकतो. उत्तर टाळलं तर जिना उतरा. फॉर्म तयार करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवून तुमची सही घेणाऱ्याकडून तर ताबडतोब उतरा. त्याने जे लिहिलं असेल ते उद्या तुम्ही लिहिलं असं धरलं जाईल.

"हात उचलला"

माझ्या मते निम्म्या केसेस इथे कमकुवत होतात. मराठीत 'त्रास' या एका शब्दात टोमण्यांपासून गळा दाबण्यापर्यंत सगळं मावतं. इंग्रजीत त्याचा 'ट्रबल' झाला की वाचणाऱ्याला वाटतं, किरकोळ कुरबुर असेल. एका सुनावणीत अशिलाने सांगितलं, "त्याने माझ्यावर हात उचलला." दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवला. न्यायाधीशांनी विचारलं, "म्हणजे हात वर केला, पण मारलं नाही?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिच्या लेखी तिने मारलं असंच सांगितलं होतं. दुभाषा हिंदीचा होता, कारण आधी विचारलं तेव्हा संकोचून ती "हिंदी चालेल" म्हणाली होती. चालेल म्हणू नका. मराठी हवी तर मराठीच मागा. आणि दुभाषी म्हणून नणंद, दीर किंवा स्वतःची मुलं नकोत. आपल्या मंडळात गणपतीच्या आरतीला शेजारी उभ्या राहणाऱ्या काकूही नकोत, कितीही प्रेमळ असल्या तरी.

जबानी लिहिताना 'तो सतत छळायचा' हे वाक्य खोडा. त्याऐवजी एक दिवस लिहा. माझ्या एका अशिलाने लिहिलं होतं: तो ऑफिसला जाताना वायफायचा राउटर बॅगेत घालून न्यायचा, आणि संध्याकाळी आल्यावर गॅसवरचं भांडं किती गरम आहे ते हात लावून बघायचा, मी दुपारी कोणासाठी काही केलं का म्हणून. तिच्याकडे पोलिसांचा एकही कागद नव्हता. तो असलाच पाहिजे असं कायदाही म्हणत नाही, विश्वासार्ह वाटेल असा कोणताही पुरावा पाहिला जातो.

व्हॉट्सॲपचे संदेश नुसते कापून ठेवू नका, तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. 'व्हिसा कॅन्सल करतो, जा नाशिकला' हे रोमन लिपीत टाइप केलेलं असलं तरी मराठीच आहे, त्याचंही भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यायचं. नोटरीची गरज नाही. ते भाषांतर अशिलाने स्वतःच करू नये.

नावांचा घोळ

लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळात नवं नाव लिहिलं, पासपोर्टवर माहेरचंच राहिलं, आधारवर सासरचं आलं, मधल्या नावात कुठे वडील तर कुठे नवरा. अमेरिकन अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. आधी वापरलेली नावं फॉर्ममध्ये विचारतात, तिथे सगळी लिहा. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नोंद असेल तर ती, आणि नाव कसं बदललं हे सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडा.

अशीच अडचण आईवडिलांची. नातवंडं सांभाळायला आणलेल्या आईचा पासपोर्ट मुलाने काढून घेतलाय, जेवणावरून मारहाण होते, अशा केसेस येतात, आणि बाहेर बोललं तर अब्रू मुलाचीच जाते म्हणून त्या फार उशिरा येतात. मुलगा २१ वर्षांवरचा अमेरिकन नागरिक असेल, तर आईलाही आय-३६० करता येतो. मग जन्मतारीख निघते १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली, आणि जन्मदाखल्यावर भलतीच. दडवू नका. शाळा सोडल्याचा दाखला जोडा आणि तफावत आपणहून सांगा.

भाचीचं लग्न

"भाचीच्या लग्नाला जाऊन येऊ." तिकडे गेल्यावर पासपोर्ट सासूच्या कपाटात जातो, नवरा एकटा परततो, आणि आठवड्याने कळतं की परतीचं तिकीट रद्द झालंय. निघण्यापूर्वी पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं ते सांगणारी नोंद), आय-७९७ (अर्जाची पोच किंवा मंजुरीचं पत्र) आणि ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फक्त तुम्हालाच माहीत असलेल्या ईमेलवर ठेवा, एक प्रत माहेरी द्या. आय-९४ वरची तारीख तर आजच वाचा. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर व्हिसावरच्या तारखेऐवजी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच राहायची मुदत मिळते, आणि हे कित्येकींना मुदत उलटल्यावर कळतं.

तिकडे अडकलातच, तर पासपोर्ट काढून घेतल्याची तक्रार पोलिसांत लेखी द्या आणि नव्या पासपोर्टचा अर्ज करा. ग्रीन कार्ड असेल तर एका वर्षाच्या आत परतायचं. कार्ड हातात नसेल तर अमेरिकन वकिलातीत आय-१३१ए भरून विमानात बसायची परवानगी मागता येते. 'घटस्फोटासाठी लागतो' म्हणून पुढे केलेल्या आय-४०७ वर मात्र सही करू नका, तो ग्रीन कार्ड आपणहून सोडल्याचा कागद आहे. छळ अमेरिकेत झाला असेल, तर आय-३६० भारतातूनही दाखल होतो.

फोन

कौटुंबिक प्लॅनवरचा फोन म्हणजे बिल भरणाऱ्याला कॉलची यादी. मैत्रिणीच्या किंवा वाचनालयाच्या फोनवरून बोला. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी १९८५ पासून 'मानवी' ही संस्था आहे.

मी स्वतः अशिलाला कधी आधी फोन करत नाही. करावाच लागला आणि उचलणारा आवाज पुरुषाचा असेल, तर काय बोलायचं ते आधी ठरवून घेते. एकीने सुचवलं होतं, "ताई, विचारा, साड्यांना फॉल-पिको करून झालं, कधी न्यायला येता?" ती युक्ती एवढी चालली की आज माझ्या फोनमध्ये चार नंबर 'फॉल-पिको' याच नावाने आहेत.