जुन्या एसयूव्हीचं दुखणं ओळखायचं कसं आणि तिला चालती ठेवायची कशी

आमच्या गाडीला चौदा वर्षं झाली. मीटरवर दोन लाखांच्या वर किलोमीटर आहेत. मुलं लहान होती तेव्हा मागच्या सीटवर सांडलेल्या दुधाचा वास अजून दमट हवेत येतो. या गाडीने मला शिकवलेली मुख्य गोष्ट अशी, की जुन्या गाडीवरचा निम्मा खर्च चुकीचा पार्ट बदलण्यात जातो. पार्ट महाग असतात हे खरंच, पण दोष नसलेला पार्ट सर्वांत महाग. त्यामुळे खाली देखभाल सांगितली आहेच, पण भर आहे तो दोष शोधण्यावर.

आधी वही करा

गाडी सुरुवातीपासून तुमच्याकडे असो की तिसऱ्या मालकाकडून आलेली असो, एक साधी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणतं ऑइल घातलं. मग एक यादी करा: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) ऑइल, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा पट्टा), फ्युएल फिल्टर. प्रत्येकापुढे शेवटचं कधी बदललं ते लिहा. जिथे उत्तर नाही, तिथे ‘कधीच बदललेलं नाही’ असं धरून चला.

यात पहिला नंबर टायमिंग बेल्टचा. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि नोंद नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो बदला. अनेक इंजिनांमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, आणि कमी चाललेल्या गाडीत नेमकी तीच विसरली जाते. बेल्टवरच चालणारा वॉटर पंप असेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्या, कारण मजुरी तीच पडते.

गिअरबॉक्सच्या ऑइलवर ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असतं. कुणाची लाइफटाइम, हे मात्र कंपनी सांगत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तपकिरी होऊन जळकट वास मारत असेल, तर दाब देऊन सगळं एकदम फ्लश करण्यापेक्षा निघेल तेवढं काढा, तेवढंच नवीन घाला, आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करा. मी तसंच केलं आणि झटके कमी झाले.

आठवड्यातून दहा मिनिटं

सपाट जागा, थंड इंजिन. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, बघा. जुनं इंजिन थोडं ऑइल खातं. किती खातं ते वहीत लिहा. हजार किलोमीटरला पाव लिटर लागत होतं आणि अचानक एक लिटर लागायला लागलं, तर काहीतरी बदललंय. सकाळी स्टार्ट करताना निळ्या धुराचा एकच फुगा येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेत. त्यावर बरीच वर्षं काढता येतात. चालत्या गाडीत सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंग किंवा टर्बोचा संशय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. गरम इंजिनातून गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर कूलंट जळतंय.

रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कसला पडलाय ते दिसतं. नुसतं पाणी म्हणजे एसीचं, सोडून द्या. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि बोटाला बुळबुळीत लागणारं ते कूलंट. लालसर म्हणजे बहुधा ऑटो गिअर किंवा पॉवर स्टेअरिंग. काळपट म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर तेलकट ओल दिसली, तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. गाडी हलवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून गळती नसली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं.

टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासा, आणि दहा वर्षांचा टायर वापरूच नका. स्टेपनीसुद्धा यात आली. ती सगळ्यांत जुनी निघते. सतत चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एकच नवा टायर घालू नका. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळे चाकांच्या फेऱ्यांत फरक पडून ताण ट्रान्सफर केसवर किंवा मधल्या कपलिंगवर येतो.

सेल्फ नुसता ‘टक’ करतोय

इथे माझी चूक सांगतो. एका सकाळी किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, सेल्फ कण्हला आणि थांबला. बॅटरी चार वर्षांची होती, बदलली. आठवडाभर बरं चाललं. मग पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणाला सेल्फ गेलाय. तोही बदलला. दहा दिवसांनी पुन्हा तेच! शेवटी मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजणारा मीटर) काढला. खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवा होता.

क्रम असा ठेवा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे हा आकडा हलता असतो.) हे दोन्ही ठीक असेल तर तिसरी तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत: मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिनची अर्थिंग खराब आहे.

माझ्या मीटरवर १.८ दिसत होतं. इंजिनपासून चासीला जाणारी विणलेली पट्टी बाहेरून ठीक दिसत होती. बोल्ट सोडल्यावर तिच्या टोकाच्या कडीखाली हिरवी-पांढरी बुरशी निघाली, आणि पट्टी वाकवल्यावर निम्म्या तारा भुशासारख्या गळून पडल्या. नवी पट्टी घातली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वरून ग्रीस लावलं. त्यानंतर आजपर्यंत गाडी पहिल्या सेल्फला उठते. जुना सेल्फ, जो बिचारा निर्दोष होता, माळ्यावर आहे.

पट्टी आणण्याआधी खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि सेल्फ मारा. गाडी लगेच उठली तर दोष सापडला.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर प्रश्न वेगळा. निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये (मालिकेत) मीटर लावा, गाडी लॉक करून सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत थांबा (अर्धा-पाऊण तास धरा) आणि मग करंट मोजा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, दोष त्या लाइनवर. फॅमिली गाडीत डिकीचा दिवा, मागच्या सीटच्या चार्जरमधली नाणी आणि बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टम हे नेहमीचे संशयित.

गाडी तापते

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला. घाम फुटेल, पण हीटर इंजिनमधली उष्णता बाहेर काढतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

कधी तापते, हेच अर्धं उत्तर. गर्दीत उभी असताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर पंखा बघा: मोटर, रिले, किंवा जुन्या गाडीत व्हिस्कस क्लच (पंख्याला इंजिनशी जोडणारा, तापमानावर चालणारा क्लच). घाटात किंवा वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा बाहेरून. बाहेरून म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती आणि किडे साचून गादी तयार होते, आणि समोरून ती दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारा. जोरदार मशीनने पाती वाकतात. वरचा पाईप कढत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) अडकलाय किंवा रेडिएटर बंद आहे. उलट काटा कधीच मध्यापर्यंत येत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. त्याने नुकसान लगेच दिसत नाही, पण इंजिन थंड चालतं आणि इंधन जास्त पितं.

कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही? आधी पुढच्या कारपेटखाली हात घाला आणि काचेवर आतून चिकट धुकं जमतंय का बघा. तसं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तसंही नसेल, आणि थंड इंजिन चालू केल्यावर एखाद-दोन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर हेडगॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय. तेव्हा गाडी चालवत राहू नका. कूलंट भरताना रंगावर विश्वास ठेवू नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते. मॅन्युअलमधला प्रकार बघा.

चेक इंजिनचा दिवा

स्थिर पेटला तर घरी जाऊन बघता येईल. लुकलुकत असेल तर इंजिन मिस मारतंय आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो भाजतोय, तेव्हा कडेला घ्या. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर घर जवळ असलं तरी इंजिन तिथल्या तिथे बंद.

स्टेअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी-२ सॉकेट असतो, त्यातून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचता येतात. अमेरिकेत तो १९९६ पासून सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ आणि डिझेलला २००४ पासून. त्याला एक स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोन एवढं पुरतं. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा इशारा) आला की लोक थेट नवीन कन्व्हर्टर बसवतात, आणि कधीकधी दोष असतो सायलेन्सर पाईपच्या फटीत.

पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला: कॉइल बदला. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. पैसा न घालवता निकाल लागतो, पण एका वेळी एकच गोष्ट हलवायची. पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, आला तर अॅपमध्ये फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. गाडी आयडलला असताना आकडा खूप वर आणि २५०० आरपीएमला तो उतरत असेल, तर कुठलातरी व्हॅक्यूम पाईप तडकलाय. दहा वर्षांचं रबर नखाने दाबून बघा, कळेल.

कान द्या

स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट आवाज: ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. वेगाबरोबर वाढणारं ‘हूंऽऽ’ डावीकडे वळताना वाढलं तर बहुतेक वेळा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं. खड्ड्यात खडखड येत असेल तर सस्पेन्शनचे सांधे बघा: आधी लिंक रॉड, मग बुश, मग बॉल जॉइंट. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क बघा.

पार्ट-टाइम फोर-व्हील असेल तर महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर ती लावून थोडं चालवा, नाहीतर जोडणी जाम होते. कोरड्या डांबरावर मात्र लावू नका.

गाडीखाली जाणार असाल तर चाकांना अडण लावा आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ असली तरी. एवढं करून खाली गेलात, की एक स्क्रूड्रायव्हर हातात असू द्या. चासीच्या आणि सस्पेन्शन बसतं त्या जागांच्या गंजावर त्याचं टोक जोराने दाबा. वरवरचा पापुद्रा उडाला आणि खाली टणक लोखंड लागलं, तर घासा, गंजरोधक लावा, पुढची काही वर्षं काढा. टोक आत गेलं, तर वही मिटा आणि दुसरी गाडी बघायला लागा.